सरळ केलेला खांब

हैल गावात माणसं दोनच गोष्टींना वचकून असतात: वरून सुटणाऱ्या दरडीला आणि नसराच्या जिभेला. दरड निदान आधी खडखड तरी करते. नसरा बिन्त सुवैद पाटाच्या काठाने मुकाट चालत येते, समोर उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि मग तुम्ही परवा काय केलंत, तुमच्या बापाने चाळीस वर्षांपूर्वी काय केलं होतं, सगळं बाहेर पडतं. वय सहासष्ट, अंगावर मूठभर मांस नाही, गुडघे कुरकुरतात. आवाज मात्र समोरच्या कड्यावर आपटून परत येतो.

पण उगाच कुणाच्या वाटेला जाणारी बाई नव्हे ती. तिच्या रागाला नेहमी कारण असायचं आणि बहुतेक वेळा ते कारण पाणी असायचं. वर्ष वर्ष आभाळ कोरडं, डोंगर उघडाबोडका, आणि शेत म्हणजे कड्याला दगडी ताल रचून, पाठीवरून माती वाहून केलेल्या चार पायऱ्या. अशा गावात माणसाने पाण्यावरून चिडायचं नाही तर मग कशावरून चिडायचं?

डोंगराच्या पोटातून एक पाट बाहेर येतो. तो आधी गावाची तहान भागवतो, मग मशिदीच्या हौदातून जातो, बायकांच्या धुण्याच्या दगडांवरून जातो आणि मग पायरीपायरीने मळ्यांत उतरतो. दर आठ दिवसांनी प्रत्येक घराला पाणी. आणि ते पाणी घड्याळावर मोजत नाहीत. मशिदीमागच्या चौथऱ्यावर बोरीच्या लाकडाचा खांब आहे, दीड पुरुष उंच. त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीत ओळीने दगड पुरलेले. खांबाच्या शेंड्याची सावली एका दगडावरून दुसऱ्यावर पोचली की एकाचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू. तिसऱ्या दगडापासून मधल्या दगडापर्यंत नसराचं पाणी, म्हणजे सकाळ चढल्यापासून भर मध्यान्हापर्यंत. मधल्या दगडाच्या पुढचं मुहन्नाचं.

नसराला हे पाणी आईकडून आलं. आई तरफा खाली मळ्यात दारं धरायची, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायची, आणि सहा वर्षांची नसरा वर खांबाशी सावली बघत बसायची. सावली दगडाला टेकली की पोरीने ओरडायचं, "आली". ती हाक ऐकू आल्यावरच पुढचा माणूस पाटातला चिंध्या गुंडाळलेला दगड काढून आपल्याकडे पाणी वळवायचा. हाकेआधी दगडाला हात लावणं म्हणजे चोरी. तशी चोरी करणाऱ्याच्या घरची कॉफी गावात वर्षभर कुणी प्यायचं नाही. नसराने अकरा वर्षं ती हाक दिली. लग्न झालं त्या आठवड्यातसुद्धा, हातावरची मेंदी सुकायची होती, तरी ती खांबाशी जाऊन बसली होती. सासू म्हणाली, "नवी नवरी चौथऱ्यावर बसते का?" नसरा म्हणाली, "नवरी मी असेन, सावली जुनीच आहे."

नवरा हुमैद मालट्रक चालवायचा. महिन्यातले चार दिवस घरी, बाकीचे किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर. एका वळणावर गेला बिचारा. नसराने दोन मुली आणि एक मुलगा वाढवले ते लसणाच्या वाफ्यांवर, गुलाबाच्या ताटव्यांवर आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या सात डाळिंबांवर. ती सात झाडं तरफाने लावलेली. फळ असं, की सोलताना एक दाणाही खाली सांडू नये म्हणून गावातली माणसंसुद्धा ताट घेऊन बसायची. मुली लग्न होऊन गेल्या. हमूद, तिचा मुलगा, राजधानीत पाण्याचा टँकर चालवतो. फोनवर सारखं त्याचं एकच टुमणं, "आई, सोड आता ते. इथं ये. डाळिंबं इथं दुकानात मिळतात."

"आईपण मिळते का बघ दुकानात," नसरा म्हणायची. "मिळाली तर माझ्यामागची कटकट मिटेल."

आता त्या खांबाचं काय झालं ते ऐका.

मुहन्ना हा नसराच्या चुलत भावाचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण त्याला गोड बोलायची सवय लागलेली, आणि गोड बोलणाऱ्याचं कधी काय चुकलं हे त्याला स्वतःलाही कळत नाही. आजोबांचं पडकं घर त्याने नीट करून घेतलं, त्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आणि गावात एक वारसा समिती उभी केली. समितीने पायवाटा झाडल्या, भिंतींना गिलावा केला, कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या लावल्या. बरं वाटायचं बघायला, खोटं कशाला बोला. मग समितीचं लक्ष खांबाकडे गेलं. खांब पावसावाऱ्याने काळा पडलेला, तळाशी पोखरलेला आणि वर हातभर वाकलेला. मक्केच्या बाजूला, म्हणजे मावळतीकडे वाकलेला. गावात पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोद होता की आपला खांबपण नमाजाला वाकलाय. समितीने बाहेरचा एक नावाजलेला गवंडी आणला. त्याने खांब उपटला, घासला, तेल पाजलं, ओळंबा लावून काटकोनात सरळ उभा केला आणि तळाशी सिमेंट ओतलं. पितळी पाटी बसली. पाटाचं पाणी वाटणारा शामिस, ज्याच्या शब्दावर पाणी चालतं, तो नेमका तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला शहरात मुलीकडे गेला होता.

हे सगळं वसंतात झालं. नसराला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट खांब सरळ झाल्यावरच्या पहिल्या पाळीला पाणी जरा लवकरच आलं, म्हणून ती खूश झाली, वेडी. हात धुऊन भाकरी खायच्या आत पाटातून पाणी खळाळत आलं. लसूण भिजला, गुलाब भिजले, मधल्या दोन पायऱ्या भिजल्या. पाणी डाळिंबांच्या पायरीकडे वळवायला तिने फावडं उचललं, आणि पाणी बारीक झालं. बघता बघता थांबलं.

ती वर चढून गेली. पाटाच्या तोंडाशी मुहन्नाचा गडी रफीकुल दगड लावून उभा होता.

"कोणी सांगितलं तुला दगड लावायला?"

"सावली आली, आत्या. तुम्हीच बघा."

ती चौथऱ्यावर गेली. सावली मधल्या दगडावर होती, अगदी मधोमध. भांडायला जागाच नव्हती. तिला वाटलं, आपलाच हात चालत नाही आता पूर्वीसारखा. दारं धरायला वेळ लागतो. म्हातारी झालीस नसरा. आणि ती मुकाट घरी गेली. तिच्या आयुष्यात ती बहुधा पहिल्यांदाच भांडण न करता घरी गेली असेल.

पुढच्या पाळीला ती पहाटेच उठून वाफे तयार करून बसली. पाटातला गाळ उपसला, उंदरांची बिळं चिखलाने बुजवली, पाण्याचा थेंब कुठं मुरू दिला नाही. तरी शेवटची पायरी कोरडीच. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. उन्हाळा तापला. डाळिंबांची फुलं गळली, मग बोराएवढी फळं गळली, मग पानं काठांनी तांबडी पडू लागली. नसरा घरून डोक्यावर घागरी वाहून झाडांच्या बुंध्यात ओतायची. सहासष्ट वर्षांची बाई एकशे दहा पायऱ्या उतरत होती, चढत होती, आणि शेजारून मुहन्नाच्या मळ्यात पाणी इतकं की बांध फुटून वाटेवर येत होतं. रफीकुल त्या पाण्याने पाहुण्यांची वाट धुवायचा.

ती शामिसकडे गेली. शामिस अंगणात बसून नव्या डोळ्यांनी डोंगर बघत होता.

"शामिसभाऊ, माझं पाणी कमी पडतंय."

"दगड तेच, खांब तोच. मी काय पाणी खिशात घालतो?"

"घालत असाल, मला काय माहीत. तुमचे खिसे मी बघितले नाहीत."

"नसरा, तोंड सांभाळ."

"पाणी सांभाळा तुम्ही. तोंडाचं मी बघते."

तो उठून आत निघून गेला. काय करायचं अशा माणसांना? चार पिढ्या ज्याच्या घराण्याने थेंब न् थेंब वाटला, त्याला एका बाईचं म्हणणं चार मिनिटं ऐकवलं नाही.

आणि मग उन्हाळ्याच्या अगदी मध्यावर, पाळी नसलेल्या एका सकाळी, नसरा चढण चढून दमली आणि चौथऱ्यावर बसली. लहानपणी बसायची तशीच, खांबाच्या उगवतीच्या अंगाला. पाय पसरले आणि पाठ मागे टेकवली.

पाठ ताठ राहिली.

अकरा वर्षं ती या खांबाला टेकून बसली होती. टेकलं की अंग मागे रेलायचं, आरामात, झोप यायची इतकं, आणि झोप लागू नये म्हणून आई खालून मधून मधून तिच्या नावाने ओरडायची. आता पाठीला मागे जायला जागाच नव्हती. ती पुन्हा टेकली, सरकून टेकली. मग उठली आणि खांबाकडे बघत राहिली. गवंड्याने केवढा सुंदर सरळ केला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिने सावली बघत बालपण काढलं तिला पुढचं समजायला हिशेब लागत नव्हता. सकाळी सावली लांब असते आणि भराभर आखडते, ती हातभर इकडेतिकडे झाली तर थोडाच वेळ चुकतो. मध्यान्हाजवळ मात्र ती गोगलगायीसारखी सरकते. तिथं हातभर म्हणजे घागरीवर घागरी पाणी. खांबाचा शेंडा मक्केच्या बाजूकडून हातभर उगवतीकडे आला, म्हणजे सावलीही उगवतीकडे आली, आणि मधल्या दगडाला आधीच जाऊन टेकू लागली. नसराचं पाणी थोडं लवकर सुरू होत होतं आणि खूप लवकर संपत होतं. जे संपत होतं ते मुहन्नाला जात होतं. दगड पुरणाऱ्यांनी वाकलेल्या खांबाची सावली बघून दगड पुरले होते, आणि या शहाण्यांनी खांब तेवढा सरळ केला होता.

त्या दिवशी गावची पुरुष मंडळी बैठकीच्या खोलीत कॉफी पीत बसली होती. गावचा शेख ज़ाहिर, शामिस, मुहन्ना आणि आणखी दहाबारा जण. बायका तिथं सहसा जात नाहीत. नसरा चिखलाच्या पायांनी सरळ आत गेली आणि गालिच्याच्या कडेला उभी राहिली.

"शेख, खांब सरळ केलाय."

"हो मग," शेख ज़ाहिर म्हणाला. "छान केलाय. बस, खजूर घे."

"मला खजूर नको. खांब वाकडा होता, तो वाकडाच पाहिजे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मुहन्ना हसला. "आत्या, वाकडं असेल ते सरळ करावं असं लहानपणापासून ऐकलं. उलटं आजच ऐकतोय."

"दगड कधी पुरले? खांब वाकडा असताना. मग सावली कोणत्या खांबाची धरायची?"

शामिस खाकरला. "मी शहरातून आलो तर मला खांब सरळ दिसला. म्हटलं, मोतीबिंदू गेला, आता सगळंच सरळ दिसायला लागलं."

"घरी गेल्यावर वहिनीपण सरळ दिसल्या का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली हसली.

"हसा," नसरा म्हणाली. "पोटभर हसा. तुम्ही सगळे त्या खांबाखाली खेळलात. खांबपण नमाजाला वाकलाय, असं कोण म्हणायचं? मी एकटी म्हणायचे? सांगा की एकाने तरी, वाकला होता म्हणून."

सगळ्यांनी कॉफीच्या पेल्यांत नजर घातली. तिथल्या प्रत्येकाला आठवत होतं. पण कुणाचा मध पाहुणे नेत होते, कुणाचा मुलगा समितीत होता, कुणाला आपलं पाणी बरोबर येत होतं मग कशाला नसतं लचांड. दाढ्या पांढऱ्या झाल्या आणि तोंडातून एक शब्द फुटेना.

मुहन्ना म्हणाला, "आत्या, तुझं पाणी लवकर सुरू होतं हे तू बोलतच नाहीस."

"ओंजळभर देऊन घागर नेलीस, आणि ओंजळीचं नाव घेतोस?"

"मी काही नेलं नाही. मी त्या गवंड्याला एवढंच सांगितलं की नीट बसव."

हे खरं होतं. त्याने चोरायचं म्हणून काही केलं नव्हतं. पण आता कळलं होतं ना? कळल्यावरही पाणी घेत राहणाऱ्याला काय म्हणायचं?

शेख ज़ाहिरने हात वर केला. "पुढच्या पाळीनंतरच्या पाळीला मोठा कार्यक्रम आहे. परमुलखातले पाहुणे येतायत, खांब बघायला येतायत. आता तो उपटून ठेवला तर आपली शोभा होईल. कार्यक्रम होऊ दे, मग सावकाश बघू."

"दोन पाळ्या, शेख. दोन पाळ्यांत झाडं जातील."

"तोवर हमूदला सांग ना," मुहन्ना फार मायेने म्हणाला. "एक टँकर पाठवेल तो."

नसरा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याने पेला खाली ठेवला. "माझं पाणी तुझ्या वाटा धुतंय," ती म्हणाली, "आणि मी टँकर मागवू?" आणि ती निघून गेली. गालिच्यावर तिच्या पायांचा चिखल राहिला.

पुढची पाळी तशीच गेली. घागरी वाहून वाहून तिच्या मानेत लचक भरली. सातपैकी तीन झाडांची पानं गळून गेली. ती फांदी नखाने खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. तिघांत नव्हतं. हमूदचा फोन आला तर ती त्याच्याशीही धड बोलली नाही.

आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मुहन्ना तिच्या दाराशी आला. बरोबर त्याची मुलगी अबरार होती. ती शिकलेली, दोनतीन भाषा बोलणारी, पाहुण्यांना गाव दाखवायचं काम तिच्याकडे.

"आत्या, रागावू नकोस. एक काम होतं. पूर्वी सावली आली की हाक द्यायचे ना, ते आम्हाला पाहुण्यांना दाखवायचंय. तशी हाक आता गावात तुझ्याशिवाय कुणाला येत नाही. त्या दिवशी तुझीच पाळी आहे, मधल्या दगडाशी तू हाक द्यायचीस आणि खाली रफीकुल पाणी वळवेल. अगदी जुन्या रीतीप्रमाणे."

नसराच्या हातात लसूण निवडायची पाटी होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं तिला वाटलं, आणि खोटं नाही सांगत, पाटी वीतभर उचललीही गेली. मग ती थांबली.

"अगदी जुन्या रीतीप्रमाणे?" तिने विचारलं.

"अगदी तशीच. पाटीवरसुद्धा लिहिलंय आम्ही, हाकेशिवाय पाणी वळत नसे म्हणून."

"येते," नसरा म्हणाली.

त्या दिवशी चौथऱ्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. हलव्याची ताटं होती, कॉफीच्या सुरया होत्या, टोप्या घातलेले वीसपंचवीस पाहुणे होते. गाव लोटलं होतं. शामिस नवा अंगरखा घालून खुर्चीवर बसला होता. नसरा खांबाला टेकली नाही. ती मधल्या दगडासमोर मांडी घालून बसली. तिथून खाली तिच्या पायऱ्या दिसत होत्या, शेवटची डाळिंबांचीसुद्धा. शेजारच्या सलीमाच्या मुलीला तिने मळ्यात दारं धरायला बसवलं होतं.

सावली सरकत सरकत आली आणि दगडाला टेकली. पाहुण्यांनी कॅमेरे वर धरले. अबरार बोलायची थांबली. खाली रफीकुलने दगडावर हात ठेवला.

नसरा गप्प.

सावली दगडावर चढली. कुणीतरी खोकलं. मुहन्ना वाकून तिच्या कानाशी आला. "आत्या, आली."

"नाही आली."

"दगडावर आहे ती. सगळे बघतायत."

"बघू देत. मीपण बघतेय."

मुहन्नाने कठड्यावरून खाली हात केला, रफीकुलला खूण केली, वळव म्हणून. आणि तेव्हा शामिस खुर्चीतून उठला. त्याने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा दगडाकडे, आणि एकदा नसराकडे. त्या नव्या डोळ्यांनी त्याने काय पाहिलं देव जाणे, पण त्याचा चेहरा उतरला.

"रफीकुल, हात काढ," तो कठड्यावरून ओरडला. "हाक आल्याशिवाय दगड हलवायचा नाही."

"काका, पण कार्यक्रम..." मुहन्ना म्हणाला.

"रीत आहे ती. पाटीवर तूच लिहिलीस ना? मग उभा राहा गप."

सगळे उभे राहिले. मध्यान्हीचं ऊन डोक्यावर होतं. हलवा वितळून ताटाच्या काठाला आला. एका पाहुण्या बाईने अबरारला काहीतरी विचारलं. अबरार नसराजवळ उकिडवी बसली. "त्या विचारतायत, आजी हाक का देत नाही?"

"सांग त्यांना," नसरा मोठ्याने म्हणाली, सगळ्या चौथऱ्याला ऐकू जाईल असं. "हा खांब हातभर वाकलेला होता. तुझ्या बापाने तो सरळ केला, म्हणून सावली खोटी पडते. माझ्या आईच्या झाडांना पाणी पोचत नाही. तीन झाडं मेली. गावाला सगळं ठाऊक आहे आणि गाव कॉफी पितंय. सांग, जसंच्या तसं सांग."

अबरारने बापाकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून ती बोलायला लागली, खाली मान घालून, पण थांबली नाही. मुहन्नाला ती भाषा येत होती. गावाला येत नव्हती, तरी गावाला कळलं.

खाली सलीमाच्या मुलीने शेवटच्या पायरीचं तोंड उघडलं. पाणी पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. सगळं गाव कठड्याशी येऊन ते बघत होतं, जणू आयुष्यात कुणी पाणी पाहिलं नव्हतं. सातवं आळं भरून वर चकाकलं तेव्हा नसरा उठून उभी राहिली. गुडघे वाजले.

"आली," तिने हाक दिली.

हाक कड्यावर आपटून परत आली. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनाने वाजवल्या असतील, त्यांचा दोष नाही. पण त्या टाळ्यांनी नसराच्या अंगाचा असा काही तिळपापड झाला की ती कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून निघून गेली. तिची झाडं मेली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी शामिसने स्वतः पहार घेतली. सिमेंट फोडायला दोन दिवस लागले. गवंड्याला परत बोलावलं तर तो म्हणाला, माझ्या हाताने मी वाकडं काही लावणार नाही, आणि आलाच नाही. शेवटी गावातल्याच माणसांनी दोर लावून खांब ओढला. किती वाकवायचा हे कुणालाच नक्की सांगता येईना, तेव्हा नसराला बोलावणं गेलं. ती आली, खांबाला पाठ लावून बसली आणि "अजून", "अजून" म्हणत राहिली. "पुरे" म्हणाली आणि उठून गेली. शामिस मागून म्हणाला, "नसरा, चुकलं माझं." तिने ऐकलं. थांबली नाही.

पुढच्या पाळीपासून पाणी पुरू लागलं. चार डाळिंबांना पालवी फुटली. तीन गेली ती गेलीच. मुहन्नाने शहरातून तीन रोपं आणवली, चांगल्या जातीची, आणि अबरारच्या हाती पाठवली. नसराने पोरीला बसवलं, कॉफी दिली, रोपं तशीच परत पाठवली.

मग एका सकाळी तिने कुऱ्हाड घेतली. तिन्हींतलं सगळ्यात जुनं झाड तोडलं, फांद्यांसकट, आणि खांद्यावर दोर घेऊन ते पायऱ्यांवरून ओढत वर आणायला लागली. वाटेत दोघेतिघे पुढे आले, "आत्या, दे इकडे." तिने दिलं नाही. मुहन्नाच्या पाहुण्यांच्या घरापर्यंत ओढत नेलं. तिथं दर्शनी भिंतीवर जुने नांगर टांगलेत, पखाली टांगल्यात, कोयते टांगलेत, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. मुहन्ना आवाज ऐकून बाहेर आला. मागून दोन पाहुणेही आले.

नसराने झाड उंबऱ्यावर टाकलं. तिला धाप लागली होती.

"हेपण टांग," ती म्हणाली. "खाली लिही, तरफाचं डाळिंब. साठ वर्षं फळ दिलं. वारसा समितीने वाळवलं."

मुहन्ना काहीतरी बोलणार होता. सवयीने काहीतरी गोड त्याच्या तोंडाशी आलंही असेल, पण ते बाहेर पडलं नाही. नसरा वळली आणि खाली गेली, कारण त्या दिवशी तिची पाळी होती आणि लसणाचे वाफे अजून करायचे होते.

मुहन्नाने ते झाड टांगलं नाही. पण उचलून फेकायलाही त्याचा हात धजला नाही. अजून ते तिथंच उंबऱ्याशी पडलंय, आणि येणारा-जाणारा त्याला वळसा घालून आत जातो.